भिंगरीचा खुराक

आक्काचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक म्हणत, पण ते काही खरं नव्हतं. शेंड्यापर्यंत पोचायलासुद्धा त्याला वेळ मिळत नसे.

घोडेस्वारीच्या शाळेत ती चौतीस वर्षं घोड्यांचा खुराक बघत होती. बाप तिथेच मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा, त्याच्या मागे मागे ती आली. मध्ये दीड वर्ष सासरी जाऊन आली तेवढीच सुट्टी. नवऱ्याने एकदा भाजी अळणी म्हणून ताट भिरकावलं, हिने पाण्याने भरलेला तांब्या. ताट भिंतीला लागलं आणि तांब्या नवऱ्याला. त्यानंतर आक्का दाण्याच्या कोठीवरच्या खोलीत राहायला आली ती कायमची. माणसांना खायला घालण्यात राम नाही, जनावर निदान चवीला नावं तरी ठेवत नाही, असं ती म्हणे. घोड्याच्या बरगडीवरून तळहात फिरवून त्याला किती कमी पडतंय ते ती सांगायची, आणि ते चुकायचं नाही. याच गोष्टीचा तिला गर्व होता, आणि तो असायलाच हवा होता.

भिंगरी शर्यतीच्या मैदानावरून निकालात निघालेली घोडी. तांबूस, उंच, आणि इतकी खंगलेली की बरगड्या लांबून मोजाव्यात. ठाणात ती एका जागी उभी राहायचीच नाही, गोल गोल फिरायची, म्हणून हे नाव. वाऱ्याने पत्रा वाजला की घामाने निथळायची. जे काही खायची ते फिरण्यात जाळून टाकायची.

शाळेची मालकीणबाई वयाने आक्काहून लहान, पण हिशोबाने बोलणारी. ती म्हणाली, "आक्का, दोन महिने देते. हिच्या अंगावर मांस यायला हवं आणि पोरांना हिच्या पाठीवर बसवता यायला हवं. दोन्ही. नाही जमलं तर दलालाला बोलावते."

दलाल आला की घोडं गाडीत चढतं, आणि पुढे त्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

सगळी अडचण त्या 'दोन्ही'त होती. जव, मका, ओट घालावेत तर घोडं भरतं, पण असल्या घोडीच्या डोक्यात ते दारूसारखं चढतं. दाणा बंद करावा तर घोडी शांत, पण सापळा तो सापळाच. आक्काने मधली वाट काढली. ठाणाच्या चारी कोपऱ्यांत सुक्या गवताची जाळी टांगली, म्हणजे फिरता फिरता जिथे थांबेल तिथे तोंडाशी घास. साखर काढून उरलेला बिटाचा चोथा तासन् तास भिजवून, फुगवून, दिवसातून चार वेळा थोडा थोडा. त्यावर तेल: पहिल्या दिवशी दोन चमचे, मग वाढवत वाढवत तीन आठवड्यांनी दोन वाट्या. तेलाने अंग भरतं आणि डोकं थंड राहतं. जनावरांच्या डॉक्टरांकडून तिचे टोकदार झालेले दात कानशीने घासून घेतले. शेजारच्या ठाणात सोबतीला एक लंगडा म्हातारा तट्टू बांधला. दाण्याचा मात्र एक कण नाही.

आणि सगळ्यांना बजावलं, "भिंगरीच्या तोंडाला कुणी काही लावायचं नाही!"

"का?" घोडेस्वारी शिकवणाऱ्या सरांनी विचारलं.

"मी सांगते म्हणून!"

आक्कापुढे शहाणा माणूस गप्पच बसायचा.

तीन आठवड्यांत फरक दिसला. आक्का दर आठवड्याला शिंप्याच्या टेपने घोडीच्या छातीचा घेर मोजायची, तो दोन बोटं वाढला. भिंगरी थांबून खाऊ लागली. एकदा तर एक पाय सैल सोडून डुलकी काढताना दिसली. आक्का तिच्याकडे बघून हसत होती, तेवढ्यात फाटकावरचा रखवालदार तिथून गेला. हसताना पकडली गेल्याबद्दल त्याने मुकाट शिव्या खाल्ल्या.

पण चौथ्या आठवड्यात सगळं बिनसलं. भिंगरी पुन्हा गोल फिरू लागली. बादलीला लाथ, दाराला लाथ. खोगीर बघितलं की कान मागे. टेप एक बोट मागे सरकला.

आक्काने आकाशपाताळ एक केलं. गवतवाल्याची भरलेली गाडी फाटकातून परत पाठवली. दात नीट घासले नाहीत म्हणून डॉक्टरांची हजेरी घेतली. त्या बिचाऱ्या लंगड्या तट्टूलाही सोडलं नाही, तोच हिला काहीतरी शिकवतो म्हणाली. तेल कमी केलं, वाढवलं, बदललं. तीन आठवडे झाले तरी उपयोग शून्य. मग एका सकाळी भिंगरीने सरांना पाठीवरून असं उडवलं की ते कुंपणावर आदळले आणि त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं.

मालकीणबाईने तिथल्या तिथे दलालाला फोन केला. त्याची गाडी अकरा दिवसांनी येणार होती.

त्या दुपारी आक्काने कुणालाही हात लावू न देता ठाण स्वतः झाडलं. रागाने फावडं आपटलं तशी लीद फुटली, आणि आत ओटाचे दाणे दिसले. अख्खे. एक दोन नाही, चांगले पसाभर.

दुसऱ्या सकाळी सगळे चहाला बसले होते. सर गळ्यात हात अडकवून आले होते. आक्काने ते फावडं लिदीसकट टेबलावर ठेवलं, कपबशांच्या मधोमध.

"बोला. हे कुणाचं पुण्य?"

मग रखवालदाराने टोपी काढली. "सकाळी फाटक उघडताना मूठभर घालायचो, आक्का. मूठभरच."

"मीही," नालबंद म्हणाला. "घरून मका आणायचो. हाडं बघवत नव्हती हो."

झाडूवालीने पदराच्या गाठीतून चार दाणे काढून टेबलावर ठेवले. तेवढ्याने तिची कबुली झाली. सर शेवटी बोलले. "बसायच्या आधी मी खिशातून द्यायचो. तिला माझा लळा लागावा म्हणून. त्या दिवशीही दिले होते."

म्हणजे चार माणसांची एक एक मूठ. चौघांनाही वाटत होतं, एवढ्याने काय होतंय? आणि घोडीच्या पोटात रोज टोपलंभर आग जात होती.

"अरे मुडद्यांनो!" आक्काचा आवाज पत्र्यावर आदळला. "जीव लावताय की जीव घेताय तिचा? बजावलं होतं ना? मराठीतच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," रखवालदार म्हणाला. तो आक्कापेक्षा म्हातारा होता आणि आज पहिल्यांदाच त्याने मान वर केली. "का ते नव्हतं सांगितलं. बाकी घोड्यांना दाणा आणि तिला नुसता चोथा. आम्हाला वाटलं, ती तुम्हाला एकदा चावली होती, त्याचा तुम्ही राग काढताय. उपाशी ठेवताय तिला."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं? विचारायला काय झालं होतं?"

"तुम्हाला?" झाडूवाली म्हणाली.

एवढा एकच शब्द. तो ऐकून आक्का आणखी चिडली. फावडं उचलून बाहेर गेली.

चौघे मिळून मालकीणबाईकडे गेले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. चूक कबूल केली. तिने शांतपणे ऐकलं, मग त्यांच्या मागोमाग येऊन उभ्या राहिलेल्या आक्काकडे वळली. "चार माणसं रोज दाणा घालतात आणि खुराक बघणाऱ्या बाईला तीन आठवडे पत्ता लागत नाही. उद्या सरांच्या जागी आठ वर्षांचं पोर असतं तर? मी दलालाला शब्द दिलाय, आक्का."

यात खोटं काय होतं? काहीच नाही. म्हणून तर आक्काच्या अंगाची लाही लाही झाली. माणूस खोटं बोलला तर निदान त्याच्यावर ओरडता तरी येतं.

ते अकरा दिवस भिंगरीजवळ कुणी फिरकलं नाही. गवत, चोथा, तेल. पाचव्या दिवशी घोडी फिरायची थांबली. आठव्या दिवशी सरांनी मोडक्या खांद्यानेच तिला मैदानात चालवून आणलं, दोरी ढिली सोडून. शेवटच्या दिवशी टेप पुन्हा दोन बोटं पुढे होता. आक्का तो टेप तसाच घेऊन मालकीणबाईकडे गेली आणि जन्मात कुणापुढे केली नव्हती अशी विनवणी तिने केली. "आणखी एक महिना द्या, बाई." बाईंनी डोळे वर न करता हिशोबाची वही पुढे ओढली.

दुपारी गाडी आली. मागची फळी खाली आपटली, मोठा आवाज झाला. महिन्यापूर्वी एवढ्या आवाजाला भिंगरीने दोन माणसं आडवी केली असती. आज तिने फक्त कान हलवले.

दलालाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "इतकी गरीब घोडी का काढताय?"

आक्काने दोरी त्याच्या हातातून हिसकावून घेतली. घोडीच्या कानाला तोंड लावून दात ओठ खात म्हणाली, "उधळ की गं! मेले, एकदा तरी उधळ! घाल लाथ, मोड त्याची गाडी!"

भिंगरीने तिच्या खांद्यावर नाक टेकलं, शांतपणे श्वास सोडला आणि तिच्या मागोमाग फळी चढून आत गेली.