बाजेखालच्या विटा

माझी लेक दिवस भरायच्या आधीच झाली, चोपड्याला माझ्या माहेरी, ऐन थंडीत. ओंजळीत मावेल एवढीशी. तिचे पाय सारखे गार पडायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीला ऊब हवी, पण धूर अजिबात नको, छाती कच्ची आहे. आली का पंचाईत! आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी आणि ओव्याची धुरी असायचीच. ती बंद म्हटल्यावर मायचा जीव खालीवर व्हायला लागला.

माझे वडील, आबा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. संध्याकाळी घराघरातले दिवे आणि शेतातल्या मोटारी एकदम लागल्या की आमचा बल्ब नुसता लाल व्हायचा. दुपारी गाव पेंगायला लागलं की मात्र करंट भरभरून. आबा म्हणाले, मग दुपारीच ऊब भरून ठेवू. त्यांनी पत्र्याची पेटी घेतली, आत भट्टीच्या पक्क्या विटा रचल्या, विटांमधून विजेच्या शेगडीची कॉइल फिरवली. दुपारभर विटा तापवायच्या, मग बटण बंद करून पेटी बाजेखाली सरकवायची. सकाळपर्यंत विटा सावकाश ऊब सोडत राहणार.

मी बाजेवर अर्धी झोपेत, अर्धी जागी. पेटी लागली तशी खोलीत भाजलेल्या मातीचा वास दरवळला. सातपुड्याकडून येणारा वारा दाराबाहेरच थांबल्यासारखा वाटला. डोळे मिटले की मी लहान होऊन केळीच्या बागेत उन्हाच्या कवडशात बसलेली असायची, आणि मांडीवर ही माझी लेक, चांगली गुटगुटीत. किती गोड होतं ते! तिथून परत येऊच नये असं वाटायचं.

फट्ट झालं आणि मी जागी झाले. आबांच्या हातची एकही मोटार कधी नारळाशिवाय चालू झाली नव्हती. हात सवयीचा. झाकण उघडून विटा तापल्यात का ते त्यांनी पाहिलं, समाधानानं हात जोडले, आणि पेटीच्या कडेवर नारळ फोडला. बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या मोटारीला काय होतंय? इथं सगळं पाणी आत गेलं. वाफ उसळली, विटा तडकल्या, कॉइल तुटली. खोलीभर करपलेल्या नारळाचा वास सुटला.

माझा असा संताप झाला! आबांना उभ्या जन्मात उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, देवाला नारळ पाहिजे होता की माझी पोर? नारळाची भकलं देवापुढे ठेवून आबा दुकानात नवी कॉइल बघायला गेले. ती मिळाली तोवर दिवेलागण झाली, आणि बल्ब लाल झाला. आता उद्या दुपारपर्यंत काही होणं नव्हतं.

माय मात्र डगमगली नाही. विटा निम्म्याच तापल्या होत्या, पेटीतून त्यांची ऊब वरपर्यंत पोचली नसती. तिनं चिमट्यानं कोरड्या विटा काढल्या, जुन्या लुगड्याच्या घड्यांत गुंडाळल्या आणि बाजेवर माझ्या दोन्ही कुशींना लावल्या. पोर माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून गोधडी घातली. तिचा श्वास माझ्या गळ्याशी लागत होता. विटांची ऊब अंगात झिरपत गेली आणि मी पुन्हा त्या बागेत जाऊन बसले. पण या खेपेला भीत भीत. मांडीवरची पोर हलेना, आणि मला तिच्याकडे बघवेना.

सकाळी मायनं विटा काढल्या. दगडासारख्या गार. पोरीला हात लावायचा माझा धीर होईना. आबा दारात आले. हात धुऊन, एकमेकांवर चोळून त्यांनी ते तापवले, गोधडीत घातले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पोरना पाय गरम शेतस," ते म्हणाले. गरम आहेत! आणि ते लहान मुलासारखे रडले.

मग उठून देवापुढे गेले. तिथलं कालचं खोबरं कोणीच खाल्लं नव्हतं. त्यातला एक तुकडा मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.