कवळी येईपर्यंत

आमच्या घराजवळच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डवर जी सिस्टर आहे, तिला पाठीमागे सगळे ‘थांबा सिस्टर’ म्हणतात. तिच्या तोंडी सदा तोच शब्द. भेटायला आलेल्याने पेशंटच्या कॉटवर बूड टेकलं की थांबा. पडदा न ओढता कुणी पेशंटचा सदरा वर केला की थांबा. शुद्धीत नसलेल्या माणसालाही ती, “काका, डाव्या हाताला सुई टोचतेय हं,” असं सांगूनच टोचते.

“तो काय हो म्हणणार आहे का?” मी एकदा विचारलं.

“नाही म्हणाला तर कळायला नको?”

घरीही हेच. ताटात वाढण्याआधी ती इतकं विचारते की नवरा म्हणे दर घासाला परवानगी देऊन थकलाय.

माझे सासरे, आमचे अण्णा, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तिच्या वॉर्डात दाखल झाले. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही ते बोलायला लागले की समोरचा आपोआप ताठ बसतो. पण दाखल झाल्या झाल्या माझ्या नणंदेने त्यांची कवळी काढून घेतली. “दवाखान्यात वस्तू जातात गं बाई,” म्हणत रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि घरी गेली. दातांशिवाय परक्यांपुढे तोंड उघडणं अण्णांच्या शिस्तीत बसत नाही. त्यांनी टॉवेल तोंडाला लावला तो लावलाच.

थोरल्या भावजींना मोकळं रान मिळालं. सर्जनने अण्णांना काहीही विचारावं, उत्तर भावजींचं.

“झोप लागते?”

“छे, डोळ्याला डोळा नाही.”

हे ऐकून शेजारच्या कॉटवरचा पेशंट उठूनच बसला. त्याने रात्रभर अण्णांचं घोरणं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी राउंडला सर्जन म्हणाले, “भूल पूर्ण द्यायची की कमरेखालची? यांच्या बाबतीत दोन्ही चालेल.”

“पूर्णच द्या. म्हातारा माणूस, काही कळायलाच नको,” भावजी म्हणाले.

टॉवेलमागून अण्णांनी जोरात मान हलवली.

“बघा, तेही हो म्हणतायत!” भावजींनी सहीच्या कागदासाठी हात पुढे केला.

“थांबा,” सिस्टर म्हणाली. “मान उभी हलली की आडवी?”

कुणीच पाहिलं नव्हतं.

“अण्णा, तुम्हाला बोलायचंय?”

मान हलली. या वेळी सगळ्यांनी पाहिलं. उभी.

“मग कवळी कुठंय?”

मी मुकाट्याने नणंदेला फोन लावला. “घेऊ का?” असं विचारून सिस्टरने तो माझ्याकडून घेतला. “ताई, अण्णांची कवळी घेऊन या.”

“दुपारी येतेच आहे की!”

“दुपारी दात येऊन काय उपयोग? आत्ता या.”

सर्जनने घड्याळ पाहिलं. “अहो सिस्टर, मुलगा सांगतोय ना?”

“भूल मुलाला द्यायची असेल तर त्यांनाच विचारते, सर.”

सर्जनला हसू आलं. बाकीचे पेशंट उरकून येतो म्हणत ते पुढे गेले. भावजी मात्र फुगले. “मी काय परका आहे?”

“अजिबात नाही हो. पण पोट तुमचं नाहीये.”

नणंद धापा टाकत आली. अर्धी वेणी तशीच. पर्समधून किल्ल्या, कंगवा, गोळ्यांची पाकिटं असं सगळं बाहेर निघाल्यावर रुमाल सापडला. सिस्टरने कवळी धुऊन दिली, पडदा ओढला. पडदा उघडला तेव्हा कॉटवर मुख्याध्यापक बसले होते. परत आलेल्या सर्जननेही नकळत खिशातला हात बाहेर काढला.

“मागच्या ऑपरेशनला मला पूर्ण भूल दिली होती,” अण्णा म्हणाले. “नंतर दोन दिवस मला पोरं ओळखू येईनात. गेलेल्या बायकोला हाका मारत होतो. ते मला पुन्हा नको. कमरेखालची चालत असेल तर तीच द्या.”

तेव्हाचं ते बरळणं आम्ही वयावर ढकललं होतं.

“भूलतज्ज्ञांशी बोलतो. तीच देऊ,” सर्जन म्हणाले.

अण्णांनी कागद नीट वाचला, स्वतः सही केली आणि भावजींकडे पाहिलं. “शिवाय मी जागा असलेला बरा. मी झोपलो की हा बोलायला लागतो.”

ऑपरेशन थिएटरच्या दारात कवळी परत काढायची वेळ आली. नणंदेने तत्परतेने पर्स उघडून पुढे धरली.

“थांबा,” अण्णा म्हणाले.

त्यांनी कवळी काढली, सिस्टरच्या हातातल्या डबीत ठेवली, झाकण घट्ट लागल्याची खात्री केली आणि ओठ मिटून आत गेले.