लोटा आणि धोटा

"कष्ट करणाऱ्याला हे शहर कधीच उपाशी ठेवत नाही."

हे वाक्य सभागृहाच्या दारात सोनेरी अक्षरांत लावलं होतं. एकेक अक्षर वीतभर. दोन्ही बाजूंना केळीचे खांब. येणारा जाणारा थांबून वाचत होता, मान डोलावत होता, काही जण त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून घेत होते. वाक्य माझं होतं. पानामागं ठरलेल्या पैशांत मी ते लिहून दिलं होतं, आणि लिहिताना मला जराही लाज वाटली नव्हती. हे आधीच सांगून टाकते.

त्या वाक्याच्या बरोबर खाली, नव्या कोऱ्या लाल गालिच्यावर, माझी आई मांडीवर सूप घेऊन बसली होती.

सोलापुरात सूत-कापडाचा व्यापार करणाऱ्या एका घराण्याला शंभर वर्षं झाली होती. त्या निमित्तानं गौरवग्रंथ, ग्रंथाचं प्रकाशन, प्रकाशनाला मंत्र्यांची वाट बघणारी माणसं, आणि दारात 'श्रमसंस्कृती' नावाचा कोपरा. कोपऱ्यात एक हातमाग ठेवला होता, भंगारवाल्याकडून आणून पॉलिश केलेला. शेजारी आई. तिला पॉलिश करायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून नवी साडी नेसवली होती.

तिनं बिडी वळून दाखवायची, असं ठरलं होतं. आणि आदल्या दिवशी निरोप आला होता, "पानं ओली आणू नका. गालिचा खराब होतो."

तेंदूचं पान भिजवून ओल्या फडक्यात ठेवल्याशिवाय वळत नाही. कोरडं पान पापडासारखं मोडतं. आमच्या वस्तीतल्या सहा वर्षांच्या पोरीला हे कळतं. शंभर वर्षांच्या घराण्याला कळलं नाही.

आईनं पान घेतलं, तंबाखू भरली, बोट फिरवलं. कट. दुसरं घेतलं. कट. तिसरं.

पैठणी नेसलेल्या एक बाई वाकून म्हणाल्या, "अय्या, मोडतंय की हो सगळं!"

त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "कलाच चालली बघा ही. यांनाच धड येत नाही, पुढच्यांना काय शिकवणार."

फोटोवाला म्हणाला, "आजी, वर बघा. जरा हसा की."

आई हसली. मोडकं पान हातात धरून हसली. जन्मभर बिड्या वळलेली बाई. कारखान्यात वाईट बिडी छाट म्हणून बाजूला काढून मोडतात. आईची बिडी छाटीत गेली तर गल्लीत बातमी व्हायची. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा माझ्या आजीनं रूप, रंग, शिक्षण यातलं काही सांगितलं नव्हतं. "हात साफ हाय," एवढंच म्हणाली होती. तेवढ्यावर लग्न ठरलं. आणि प्रकाशनाच्या दिवशी चारचौघांत निकाल लागला, की हिला बिडी येत नाही.

मी चार पावलांवर उभी होते. छातीवर बिल्ला होता, 'लेखन-संपादन'.

या बिल्ल्यापर्यंत मी कशी पोचले तेही सांगते. पाचवीत असताना निबंध मोठ्यानं वाचायचा होता. मी वाचलं, "माझं आई कारखान्यातून आलं." आमच्या तेलुगूत आई आली काय आणि गाय आली काय, क्रियापद एकच. मराठीत तसं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "आई आलं? मग लसूण कुठंय?" वर्ग आठवडाभर हसला. सातवीपर्यंत माझं नाव लसूण होतं.

त्या दिवसापासून मी मराठीच्या मागं लागले. वाचनालयातलं कपाट संपवलं, मग दुसरं संपवलं. एम.ए. झाले, छापखान्यात मुद्रितं तपासू लागले. लोक म्हणायचे, "तुम्ही तेलुगू? वाटत नाही हो." मला ती स्तुती वाटायची. घरी आई चुकली की पाहुण्यांसमोर तिला सुधारायचे. तीही हसायची. आमच्या घरात हसणं हे असं कामाला यायचं.

म्हणून ग्रंथाचं काम आलं तेव्हा मी हुरळून गेले. घराण्याचे धाकटे मालक, पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आलेले, मला समोर बसवून म्हणाले,

"मॅडम, मला एक कंपॅरिझन पाहिजे. आम्ही मारवाडातून आलो, तुम्ही लोक तेलंगणातून आलात. दोघंही बाहेरचे. स्टार्टिंग पॉइंट सेम. मग असं का झालं? ऑनेस्टली लिहा."

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हणजे... बघा ना." त्यांनी खिडकीकडं हात केला. खिडकीतून त्यांच्या गाड्या दिसत होत्या.

मग म्हणाले, "या प्रकरणाला तुमचं नाव टाकू. तुमच्यातलंच कुणी म्हणालं की बरं दिसतं. आम्ही म्हणालो की लोक अर्थ काढतात."

नाव छापून येणार. पुठ्ठ्याच्या बांधणीत. मी हो म्हणाले.

माहितीची सुरुवात घरातून केली. फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि आईला विचारलं, तुझा आजा कसा आला.

"पायी आला की. पाऊस न्हाय, काम न्हाय, तितं काय खाणार? एक हातात दोटा, बगलेत फणी, कापडात बांधून. दुसरं काय बी न्हाय."

दोटा म्हणजे धोटा. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो. फणीही मागाचीच, केसांची नव्हे.

धाकट्या मालकांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि टाळी वाजवली. "परफेक्ट! आमचे पणजोबापण लोटाच घेऊन आले होते!"

मी सांगितलं, लोटा नव्हे, धोटा. काय असतो तेही सांगितलं. सुताच्या व्यापारावर शंभर वर्षं उभ्या असलेल्या घराण्याच्या वारसाला. ते म्हणाले, "अच्छा, अच्छा."

मग त्यांच्या आजोबांकडं गेले. मोठे शेठ नव्वदीचे. मागच्या खोलीत खाटेवर, कानाला यंत्र. माणूस खरं बोलायचा, त्यामुळं त्यांना मागच्या खोलीत ठेवलं होतं.

मी विचारलं, "तुमचे बापूजी फक्त लोटा घेऊन आले, खरं का?"

"लोटा होता की. पण बेटा, लोट्यात चिठ्ठी होती."

"कसली?"

"मामाच्या नावाची. मामाची पेढी होती हितं. उतरले ते थेट पेढीवर. जेवायला बासा होता, आमच्या लोकांची खानावळ. नवीन पोरगा आला की तिथं जेवायचा, कुणी पैसे मागायचं नाही. मग मामानं सुताच्या गाठी दिल्या, म्हणाला, विक आणि मग दे. तुझ्या पणजोबाला कुणी दिल्या असत्या?"

"आणि तुमच्यातल्या ज्यांना मामा नव्हता?"

म्हातारा एवढा हसला की यंत्र कानातून पडलं. "ते बाशात वाढपी झाले! त्यांचे नातू आजपण आमच्या दुकानात कापड मोजतात. लोटा त्यांच्याकडंपण होता."

मी घरी आले आणि पहिल्यांदा ते प्रकरण खरंच लिहिलं. लिहिलं, की एकाकडं विकायला माल आला, दुसऱ्याकडं विकायला फक्त हात. धोटा असून भागत नाही. माग लागतो, मागाला जागा लागते, सूत लागतं, आणि तिन्ही दुसऱ्याचं होतं. सूत तर याच घराण्याचं होतं. हेही लिहिलं, की आमच्यातही ज्यांच्या हाती भांडवल लागलं ते कारखानदार झाले. त्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या बायकाही तेलुगूच होत्या आणि त्यांना शिव्याही तेलुगूतच मिळत. स्वभाव, सवयी, संस्कार यांवर एक ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही सापडलंच नाही.

प्रकरण दिलं. "छान झालंय," असा निरोप आला. त्यानंतर ते थेट प्रकाशनाच्या दिवशी बघितलं.

आई तिकडं पानं मोडत होती तेव्हा मी टेबलावरची प्रत उघडली. धाकट्या मालकांनी नुकताच स्वतःच्या हातानं पेढा भरवला होता, तो तोंडात होता. पान त्रेपन्न.

"दोन्ही समाज हातात केवळ एक लोटा घेऊन या शहरात आले. एकाने तो घासूनपुसून जपला. दुसऱ्याने तो गुत्त्यावर नेला."

खाली माझं नाव. ठळक टायपात.

पेढा रुमालात थुंकून टाकला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय झालं, मॅडम? ती टायपिंग मिस्टेक होती ना, धोटा. लोटा केलं. आणि फ्लोसाठी थोडं एडिट."

"चिठ्ठी कुठं गेली?"

"आजोबांचं वय झालंय हो." मग आवाज खाली आणून, "आता इश्यू करू नका, प्लीज. तुम्हाला हेच पान वाचायचंय. मानधन स्टेजवर देणार आहोत, पाहुण्यांच्या हस्ते. आईंनापण साडी आहे."

अत्तराचा वास येत होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आईनं आपल्या आजाचं चालत येणं माझ्या फोनमध्ये बोलून ठेवलं. तिच्या तोंडातला ध गळालेला. त्या गळालेल्या ध मधून यांनी आमच्या पणजोबांना गुत्त्यावर बसवलं. आणि सही माझी. मी हे पान वाचलं असतं तर ते कायमचं खरं झालं असतं. उद्या कुणीही म्हटलं असतं, त्यांच्यातलीच एक लिहिते की.

मी आईजवळ जाऊन बसले. तेलुगूत सगळं सांगितलं, हळू आवाजात. तिनं ऐकलं. म्हणाली, "तात पीत नव्हता." तात म्हणजे तिचा आजा. मग थोडा विचार करून, "पीत असता तरी धोट्यावर त्याला दारू कुणी दिली असती?"

शेजारी पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. तिनं एक उघडली आणि सुपातल्या पानांवर ओतली. दुसरी उघडली. पाणी सुपातून मांडीवर, मांडीवरून गालिच्यावर. लाल रंग काळा होत गेला.

एक स्वयंसेवक धावत आला. "अहो आजी, काय करताय!"

"काम करतंय," आई म्हणाली. "तू बी बस."

मी तिचं मराठी सुधारलं नाही. माझं नाव पुकारत होते.

व्यासपीठावर गेले, पान त्रेपन्न उघडलं आणि म्हणाले, "या पानावर चूक आहे. माझे पणजोबा लोटा घेऊन आले नव्हते. धोटा घेऊन आले होते. लोटा घेऊन यांचे पणजोबा आले होते आणि त्यात चिठ्ठी होती."

पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत, मोठे शेठ. त्यांना एरवी यंत्र लावूनही कमीच ऐकू यायचं. हे आलं. "होती! मामाची होती!" ते ओरडले. कुणीतरी खुर्ची वळवायला धावलं.

माईक बंद झाला.

मला माईक लागत नाही. माझे वडील यंत्रमागावर बहिरे झाले. आमच्या घरी लहानपणापासून सगळे शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असंच बोलतात. मी म्हणाले, "गुत्त्याची ओळ माझी नाही. या प्रकरणाखाली माझं नाव खोटं आहे. दारातलं सोनेरी वाक्य मात्र माझंच आहे आणि तेही खोटं आहे. हे शहर कष्ट करणाऱ्याला उपाशी ठेवतं. मी तशाच उपाशी घरात वाढले."

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. दोघांनी दंडाला धरून मला खाली आणलं. मी विक्रीच्या टेबलाकडं गेले, पेन काढलं आणि एकेक प्रत उघडून पान त्रेपन्नवरचं माझं नाव खोडायला लागले. अकरा खोडली. बाराव्या वेळी टेबलच उचललं.

मानधनाचा लिफाफा मिळाला नाही. छापखान्यातलं कामही महिन्याभरात गेलं. छापखान्याच्या मालकाचं मोठं गिऱ्हाईक तेच घराणं होतं. साडी तेवढी आली घरी, ड्रायव्हरच्या हाती. आईनं दारातूनच परत पाठवली. मी समजूत घालायला गेले नाही, तिनंही कारण सांगितलं नाही.

आता मी गल्लीतल्या बायकांचं बोलणं उतरवून घेते. कोण कुठून आलं, हातात काय होतं, आणि इथं आल्यावर माग कुणाचा होता. जसं बोलतात तसं लिहिते. कुणाच्या हवाली करत नाही. आमच्या गरिबीचं कारण यापुढं कुणी माझ्या नावानं छापणार नाही, एवढं पक्कं आहे. आणि कुणी कुठल्याही समाजाच्या जिद्दीवर भाषण सुरू केलं, तर मी उभी राहून चिठ्ठीचं विचारणार आहे. बसा म्हटलं तरी बसणार नाही.

त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. शेवटी शुद्धिपत्र जोडलं आहे. त्यात एकच दुरुस्ती आहे : पान सत्तावीसवर 'फेटा' ऐवजी 'पगडी' असे वाचावे.