दुसऱ्यांदा वाटलं तेव्हा

झरी गावात माझ्या दवाखान्यासमोर अप्पांचं किराणा दुकान होतं. सगळं गाव त्यांना अप्पाच म्हणायचं, मीही. साठीचे, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. मी दवाखाना उघडेपर्यंत त्यांचा पेपर वाचून झालेला असायचा आणि निम्म्या बातम्या मी त्यांच्याच तोंडून ऐकायचे.

एकदा थंडीत सकाळीच ते ॲसिडिटीची गोळी मागायला आले. बोलता बोलता त्यांनी उपरण्याने मानेवरचा घाम पुसला. बाहेर लोक कानटोप्या घालून फिरत होते. मला एकदम कसंतरी झालं. बीपी ठीक, ईसीजी स्वच्छ. तरी मी म्हणाले, "अप्पा, आजच परभणीला जा. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा."

"कशापायी? काय दिसलं तुमाला?"

"दिसलं काहीच नाही. पण जा."

ते गेले. दोन दिवस राहून सगळ्या तपासण्या करून आले. काही निघालं नाही. मग दुकानात येईल त्याला ते रंगवून सांगायचे, "म्याडमला सपान पडलं, आन् मला दोन दिवस खाटेवर झोपवलं." त्यात राग अजिबात नव्हता. मीही हसायचे, पण मनाला लागलं होतं. कागदावर दाखवता येईल तेवढंच बोलायचं, असं मी ठरवून टाकलं.

त्यानंतरच्या श्रावणात, एका मंगळवारी ते पुन्हा आले. "कालच्या उपासाला शाबूची खिचडी लय झाली. छातीत जळजळ व्हायलीय." सांगताना मध्येच थांबले, टेबलाची कड धरली, मग वाक्य पुरं केलं. तेवढंच. मला पुन्हा तसंच वाटलं, पहिल्यापेक्षा जास्त. ईसीजी काढला. खिडकीच्या उजेडात दोनदा पाहिला. बोट ठेवून दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

अप्पा मिश्किल हसले. "काय म्याडम, पुन्हा पाठवायलात का परभणीला?"

बाकावर बसलेल्या बायका हसल्या. मीही हसले. "नाही हो अप्पा, खिचडी जरा कमी खात जा." गोळी दिली आणि संध्याकाळी पुन्हा दाखवून जायला सांगितलं.

दुपारी तीनच्या सुमारास दुकानातच ते कोसळले. मी धावत गेले. जीपमध्ये मागे बसून त्यांची छाती दाबत राहिले. परभणी यायच्या आधीच सगळं संपलं होतं. हात मात्र थांबवता येईनात.

पुढे गावात भलतंच बोललं जाऊ लागलं. म्याडमनं थंडीतच ओळखलं होतं, मोठ्या डॉक्टरांनाही कळलं नाही. आसपासच्या गावांतून पेशंट वाढले. अप्पांच्या बायकोनेही, मी भेटायला गेले तेव्हा, माझाच हात हातात घेतला. "तुमी तर मागंच सांगितलं होतं. आमीच हसण्यावारी नेलं." मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि परत आले.

महिनाभर मला नीट झोप लागली नाही. शेवटी एका दुपारी पुन्हा त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं, "काकू, त्या मंगळवारीही मला वाटलं होतं, त्यांना पाठवावं म्हणून."

त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. हात थांबले. "मग बोलला का न्हाईत?"

ईसीजी चांगला होता, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. "ते पुन्हा हसतील म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "हसले असते. पर तुमचं ऐकून परभणीला गेले असते, म्याडम." आणि तांदळाचं सूप घेऊन आत गेल्या.

आता अशी शंका आली की मी बोलून टाकते. बरेच जण काही न निघता परत येतात, एखादा चिडतो. काकू मात्र बीपीच्या गोळ्यांसाठी परभणीला जातात. महिन्यातून एकदा दवाखान्यासमोर बसची वाट बघत उभ्या असतात. मी खिडकीतून बघत असते, हे त्यांना माहीत आहे.