मिलिंदच्या नंबरवर

ड्रॉवर आवरताना आज चार गंजलेल्या सेफ्टी पिना हाताला लागल्या. पंधरा वर्षांपूर्वी, खराडीत नोकरीला असताना, याच पिनांनी छातीवर नंबर लावून मी आयुष्यातली पहिली शर्यत पळालो. नंबर मात्र माझा नव्हता. माझ्या रूममेटचा, मिलिंदचा होता.

त्या सकाळी तो अंथरुणातूनच म्हणाला, "छातीत जड वाटतंय रे. माझ्या नंबरवर तूच पळ."

"ॲसिडिटी असेल, झोप काढ," म्हणत मी निघालोसुद्धा. शेवटच्या वळणावर माइकवरून त्याचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी खुशाल हात हलवला. पदक घेऊन परतलो, तेव्हा तो अंथरुणातच गार पडला होता.

त्याच्या मोबाइलवर शर्यत पूर्ण केल्याबद्दल अभिनंदनाचा मेसेज आला होता. तो वाचून त्याच्या आईनं मला विचारलं, "पळताना त्रास झाला का रे त्याला?"

"नाही काकू, हसत पळत होता," मी म्हणालो आणि पदक त्यांच्या हातात दिलं.

अजूनही दरवर्षी त्या दिवशी त्यांचा फोन येतो. "मीच मागे लागले होते त्याच्या, पळायला जा म्हणून," त्या म्हणतात.

मी फोन कानाला धरून नुसता "हं" म्हणतो.