मेट्रनबाईंच्या किल्ल्या

वडिलांना जालना रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा आठ दिवस मी तिथल्या मेट्रनबाईंना पाहत होतो. चालताना कमरेच्या किल्ल्या त्या मुठीत धरत, पेशंटची झोप मोडू नये म्हणून.

त्या दुपारी वडिलांना सांभाळणारी पाचोडची नर्स मेट्रनबाईंच्या टेबलापुढं रडवेली उभी होती. तिला सरकारी नोकरी लागली होती, उद्याच हजर व्हायचं होतं. पण तिची मूळ सर्टिफिकेटं दवाखान्याच्या कपाटात होती. बदली नर्स मिळेपर्यंत ती सोडायची नाहीत, हा मालक डॉक्टरांचा हुकूम. खरं सांगतो, तिनं जाऊ नये असं मलाही वाटत होतं. वडील फक्त तिच्याच हातून औषध घेत.

खाली डॉक्टरांची गाडी येऊन थांबली. मेट्रनबाई उठल्या. किल्ल्या पहिल्यांदाच खणखणल्या. कपाट उघडून त्यांनी सर्टिफिकेटं तिच्या हातात ठेवली.

"कागद अडवून माणूस राहतं, पण त्याचा जीव कामात राहत नाय. जा पोरी, मागच्या जिन्यानं."

ती पळाली. मी घाबरून म्हणालो, "डॉक्टर तुम्हाला काढून टाकतील."

"टाकू द्या," कपाट बंद करत त्या म्हणाल्या, "मग माझे बी कागद सुटतील. वीस वर्षं झाली, यातच आहेत."