सात बरोबरच्या खुणा

पाच आठवडे झाले. चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताकाचा दुसरा ग्लास उचलताना कुणी बघत नाही ना, याचा मी अंदाज घेत होतो, तेवढ्यात तात्यांच्या बायकोचा, माईंचा फोन आला. "ह्ये गेले," एवढंच म्हणाल्या. खरं सांगतो, आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं ते असं... त्या गुरुवारी काय झालं हे ठाऊक असलेला आता मी एकटाच.

पिंपळे गुरवच्या तात्यांशी माझी गाठ घातली माझ्या गिटारनं. चाळिशीत गिटार शिकणाऱ्यानं निदान शेजाऱ्यांची कीव करावी. मी वर आवाज वाढवायला जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्पही घेतला आणि आठ दिवसांत जाळला. तात्यांच्या भावांनी जमिनींवर इमारती उठवल्या होत्या, तात्या मात्र घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असले अॅम्प दुरुस्त करत बसायचे. माझं वादन दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "राव, तुमी रिपेरीच शिका. त्यात लोकांना तरास न्हाई." तेव्हापासून साप्ताहिक सुट्टीचा प्रत्येक गुरुवार मी त्या शेडमध्ये काढला. चुकीच्या तारा जोडल्या, गुडघ्यावर सोल्डर सांडून पँट जाळली, एकदा तर तासभर बिघाड शोधल्यावर कळलं की प्लगच लावलेला नाही.

पहिला धडा भीतीचा होता. "वायर काडली म्हंजी ह्यो मेला असं समजू नका," उघड्या अॅम्पकडे बोट करून तात्या म्हणाले. "ह्या कपॅसिटरच्या पोटात करंट बसून ऱ्हातो. माणूस हात घालायची वाट बघतो." आधी कपॅसिटर रिकामा करायचा, मग मीटर लावून खात्री करायची. मी रिकामा केला म्हटलं तरी ते स्वतः मीटर लावायचेच.

माझ्यातल्या क्वालिटी इन्स्पेक्टरला हे अशास्त्रीय वाटलं. मी सात कलमांचा छापील तक्ता आणला, पहिलंच कलम 'कपॅसिटर रिकामा', प्रत्येकापुढे खुणेला चौकोन. तात्या खूप हसले. "आता आमची बी कंपनी झाली व्हय!" पण हळूहळू त्यांना तो आवडायला लागला. मीटर मागे पडला. तक्त्यावर नजर टाकायची आणि कामाला लागायचं... आणि मी मनातल्या मनात फुशारत होतो.

आता कंपनीतली एक गोष्ट सांगतो, जी आमच्याकडे सगळे करतात आणि कुणी बोलत नाही. शिफ्ट सुरू होतानाच आम्ही सगळ्या खुणा करून टाकतो. तपासणी सवडीनं. त्या गुरुवारी एका हातात चहा घेऊन मी सातही चौकोन भरले आणि फ्यूज शोधायला वळलो. मागे फट्‌ असा आवाज झाला. तात्या स्टुलावरून भिंतीवर आदळले होते. ओठ पांढरे.

श्वास परत आल्यावर त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. "खूण आदी केली व्हती का?"

"नाही तात्या. रिकामा केला होता मी. थोडा राहिला असेल."

 माई धावत आल्या तेव्हा तात्या म्हणाले, "माजाच हात चुकला." पुन्हा विषय नाही. पुढच्या गुरुवारी मात्र तक्ता तसाच टांगलेला होता आणि मीटर तात्यांच्या हातात होता. मीटर धरणारी बोटं बधिर असायची. शेडच्या दोन पायऱ्या चढताना ते मध्ये थांबायचे. आठ महिन्यांनी हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, वयच झालं होतं. मी दुसऱ्या डॉक्टरला विचारलेलं नाही.

तेराव्याला माई म्हणाल्या, "त्या शॉकपासून ह्ये पयल्यासारखे ऱ्हायलेच न्हाईत. तुमी व्हता ना तिथं? नेमकं झालं काय?" मी ताटात बघत म्हणालो, "माझी पाठ होती, माई." निदान हे तरी खरं होतं.

शेडला माईंनी अजून कुणाला हात लावू दिलेला नाही. टेबल आवरायला त्यांनी मलाच बोलावलंय, हा लेख येणार त्याच रविवारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर. मी चारला पोचेन. माई बातम्या वाचत नाहीत, पण रविवारची ही पुरवणी सोडत नाहीत. ती सकाळी सातला येते.